शिक्क्याची लाज कशाला?

(पारोळा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय ‘परदेशातील तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा : संधी आणि कार्यपद्धती’ असा छापलेला आहे. दोन्हींवर मी बोलेन. पण मी खरा आलोय एक गोष्ट सांगायला, आणि ती शेवटी घाईत सांगण्यापेक्षा आत्ताच सांगतो. कमी शिकलेल्या माणसाच्या पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असं छापलेलं असतं. ईसीआर. आपण त्याला शिक्का म्हणतो. या शिक्क्याची आपल्याकडे लाज वाटते. ‘पोराच्या पासपोर्टवर शिक्का आला हो,’ असं एखादा बाप सुतकी चेहऱ्याने सांगतो. माझं म्हणणं असं, की परदेशात अंगमेहनतीला जाणाऱ्या माणसाला आपल्या देशाने दिलेलं ते सर्वांत भक्कम कवच आहे. आणि आपण पदरचे पैसे मोजून ते अंगावरून काढून टाकतो.

खानदेशी माणसाला पोटासाठी गाव सोडणं नवीन नाही. सुरतेचं लिंबायत आणि उधना काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको; या सभागृहात असं घर सापडणार नाही ज्याचं कोणी तिकडे नाही. ऊसतोडीच्या गाड्याही तुम्ही पाहता. अमेरिकेच्या एच-वन-बीवर मी बोलणार नाही. दरवर्षी ६५ हजार, उच्च पदवीवाल्यांसाठी आणखी २० हजार, मग सोडत, हे ज्यांची मुलं त्या रांगेत आहेत त्यांना तोंडपाठ आहे. त्या मुलांच्या मागे कंपनी असते, कंपनीचा वकील असतो. मला बोलायचंय ते शटरिंगवाल्याबद्दल, वेल्डरबद्दल, ड्रायव्हरबद्दल, एसी मेकॅनिकबद्दल. त्याच्या मागे कोण असतं?

त्याच्या मागे एजंट असतो. आता एक साधी गोष्ट बघा. ऊसतोडीचा मुकादम मजुराला घरी येऊन उचल देतो. त्या उचलीपायी पुढे माणूस कसा पिळला जातो ते मी जाणतो, मुकादमाची मी तरफदारी करत नाही. पण तिथे पैसा मजुराच्या हातात पडतो आणि मग तो कामाला जातो. आखाती नोकरीत उलटं आहे. मजूरच आधी पैसे देतो, जमीन गहाण टाकून, बायकोची पोत मोडून, आणि मग काम मिळण्याची वाट बघतो. कामासाठी पैसे मोजणारा मजूर जगात आणखी कुठे असेल?

कायदा काय म्हणतो ते ऐका. १९८३चा उत्प्रवास कायदा आहे. त्याखाली परवाना असलेला भरती एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. १८ टक्क्यांनी धरलं तर ३५,४०० झाले. त्याची पावती द्यावी लागते. (सभागृहात कुजबुज.) बघा, इथे जी कुजबुज झाली तीच मला हवी होती. गावात कोणता आकडा चालतो ते तुम्ही एकमेकांच्या कानात सांगताय, ते जरा मोठ्याने सांगा. (हशा.) आणि हा परवाना ज्याच्याकडे आहे त्यालाच भरती करता येते. त्याचा ‘माणूस’, त्याचा मेव्हणा, त्याच्या वतीने तालुक्याला बसणारा, यांपैकी कोणालाच कायदा ओळखत नाही. सबएजंट नावाची वस्तू कायद्यात नाही.

आता शिक्का असला की काय होतं? अठरा देश आहेत. सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, अमिरात, मलेशिया, इराक, जॉर्डन वगैरे. त्या देशांत नोकरीला जायचं तर शिक्केवाल्याला विमानात बसण्याआधी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. पूर्वी त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागायचे, आता ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संगणक व्यवस्थेतून होतं. मंजुरी मिळण्यासाठी तिकडच्या मालकाला तिथे नोंद करावी लागते, किती माणसं हवीत ते सांगावं लागतं, आणि करारपत्र चढवावं लागतं. पगार किती, तास किती, जेवण मालकाचं की आपलं, राहण्याची सोय, औषधपाणी, परतीचं तिकीट. माणूस तिकडे दगावला तर त्याचा देह घरी पोचवायचा खर्च कोणाचा, हेही त्यात येतं. शिवाय प्रवासी भारतीय विमा योजना शिक्केवाल्याला सक्तीची आहे. अपघाती मृत्यूला दहा लाख. हप्ता किती? दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, त्यावर कर वेगळा. कर सोडला तर वर्षाला दीडशेही पडत नाहीत!

हे सगळं शिक्क्यामुळे मिळतं. आणि दहावी पासचा दाखला लावला की शिक्का जातो. शिक्का गेला की मंजुरीची सक्ती गेली, मालकाची नोंद गेली, कराराची प्रत सरकारदरबारी राहिली नाही, विमा सक्तीचा राहिला नाही. दहावी पास पोरगा मोकळ्या छातीने निघतो. त्याला वाटतं आपण सुटलो.

ही व्यवस्था कुठून आली ते थोडक्यात सांगितलं पाहिजे, कारण ती कोणा बाबूच्या डोक्यातून निघालेली नाही. १८३४ सालापासून हिंदुस्थानातले मजूर पाच-पाच वर्षांच्या करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत जाऊ लागले. त्यात आपली मराठी माणसं होती, मुंबई बंदरातून गेलेली, रत्नागिरी-साताऱ्याकडची. फसवून नेणं, कोंडून ठेवणं, कबूल केलेला पगार न देणं, याचा इतका बभ्रा झाला की १८३९ साली मजूर नेण्यावर बंदी आली. १८४२ साली मॉरिशसपुरती ती उठली, ती या अटीवर की मजूर निघतो त्या बंदरावर आणि उतरतो त्या बंदरावरही त्याची विचारपूस करणारा अधिकारी असला पाहिजे. ते अधिकारी मजुराच्या बाजूचे होते असं मी म्हणणार नाही. मळेवाल्यांचं राज्य होतं ते. पण त्यांनी नोंदी ठेवल्या. बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि पुढे पुढे तर छायाचित्रसुद्धा. ती रजिस्टरं आजही मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथला मराठी माणूस जाऊन आपल्या खापरपणजोबाचं गाव शोधू शकतो. जिथे ते बोटीतून उतरत, तो आप्रवासी घाट युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशात घेतला. नोंद झालेला माणूस पुरता हरवत नाही, एवढंच मला यातून सांगायचंय. तोच धागा १९२२च्या कायद्यात आला आणि पुढे आखाताची दारं उघडली तेव्हा १९८३च्या कायद्यात.

मी स्वतः सौदीत जुबैलला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. माझ्या पासपोर्टवर हा शिक्का होता. त्याने माझं काही अडलं नाही. स्टोअरच्या खिडकीतून हेल्मेट आणि हातमोजे देताना मी माणसं बघत होतो. कोण करारावर आलंय आणि कोण ‘आझाद व्हिसा’वर आलंय ते चालण्यावरून कळायचं. आझाद व्हिसा म्हणजे कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो तो मालक, नावापुरता, काम तुमचं तुम्ही शोधा, आणि त्या कफीलाला दरमहा पैसे देत राहा. अशा माणसाच्या खिशात इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, असला तरी पोलिसाची गाडी दिसली की तो गल्लीत शिरतो. ज्या मालकाकडे प्रत्यक्ष राबतो त्याचं नाव त्या इकाम्यावर नसतं ना.

२०१८च्या जानेवारीत आपल्या सरकारने ठरवलं होतं की ईसीआरवाल्यांना केशरी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचा. देशभर टीका झाली, आपल्याच माणसांना दुय्यम नागरिक ठरवताय म्हणून. त्याच महिन्यात निर्णय मागे घेतला. बरं झालं मागे घेतला. विमानतळावर दुरून ओळखू यावं असं पुस्तक मजुराच्या हातात कशाला? पण त्या गदारोळात एकाही मोठ्या माणसाने असं म्हटलं नाही, की रंग नको, पण हे कवच दहावी पासवाल्यालाही द्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिक्का नसलेल्यांनाही या अठरा देशांसाठी नोंदणी सक्तीची करण्याचं जाहीर झालं, आणि अंमलात येण्याआधीच ते स्थगित झालं. नोंदणी ऐच्छिक राहिली. माझ्या मते ती चूक होती.

आता एक उदाहरण. आपल्याच तालुक्यातलं, गावाचं नाव घेत नाही, त्या घरातली माणसं इथे बसलेली असू शकतात. पोरगा शटरिंगचा कारागीर, नववीपर्यंत शिकलेला. हात इतका साफ की त्याने बांधलेल्या फळ्यांतून सिमेंटचं पाणी गळायचं नाही. एजंटाने सांगितलं, शिक्क्याची कटकट नको, दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कंपनी व्हिसा बदलून देईल. फिरायला जाणाऱ्या शिक्केवाल्याला मंजुरी लागत नाही, ही त्यातली फट. विमानतळावर विचारलं तर काय सांगायचं तेही पढवलं : मामाकडे चाललोय, दुबई बघायला. परतीचं तिकीट दाखवायला दिलं, ते नंतर रद्द केलं. पोरगा पोचला. कामही मिळालं, बरं का. पहिल्या महिन्याचे पैसेही आले. त्याच्या आईने मला पेढे दिले.

तिसऱ्या महिन्यात तो परांचीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. ठेकेदाराने सांगितलं, हा माझा माणूसच नाही. आणि कागदावर त्याचं खरं होतं! करार नाही, व्हिसाची मुदत संपलेली, विमा नाही. खोलीवरच्या पोरांनी, त्यात दोघे धुळ्याचे आणि बाकी केरळ-बिहारचे, वर्गणी काढून त्याला परत पाठवलं. आज तो फळी उचलू शकत नाही. एजंटाचा फोन लागत नाही, आणि लागला असता तरी पोलिसांना दाखवायला पावती कुठे आहे? त्याची आई मला म्हणाली, “भाऊ, शिक्का ऱ्हाता तं बरं व्हतं का?” काय सांगणार होतो मी तिला? (सभागृहात शांतता.)

त्याच वेळी, त्याच्या शेजारच्या गावचा एक वेल्डर शिक्क्यासकट, मंजुरी घेऊन सौदीला गेला. करारात जेवण मालकाचं होतं, तिकडे पगारातून खाणावळीचे पैसे कापायला लागले. त्याच्याकडे कराराची प्रत होती. परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ या पोर्टलवर तक्रार टाकली, दूतावासातून कंपनीला पत्र गेलं, काही महिन्यांनी कापलेले पैसे परत मिळाले. यात नाट्य काही नाही. पण तो आजही तिथे काम करतोय.

(श्रोत्यांतून एक आवाज : “मंग दहावी पास पोऱ्यानी काय करानं?”)

बरं विचारलंत तात्या. त्याने आपणहून नोंदणी करायची. सोय आहे. करारपत्र हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि ते वाचायचं. अमिरातीत तर २०१६पासून नोकरीच्या प्रस्तावाचं पत्र कामगाराला कळेल अशा भाषेत देण्याची पद्धत आहे. अकरा भाषा आहेत त्यात. हिंदी आहे, उर्दू आहे, मल्याळम, तमिळ, बंगाली आहे. मराठी नाही. का नाही हे आपल्या खासदारांनी विचारावं. पण हिंदी तर आपल्याला येते! हिंदी प्रत मागा. आणि त्याच देशाच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मनाई आहे.

कोणी म्हणेल, हा माणूस सरकारी खात्याची भलामण करायला आलाय, किंवा आमच्या पोरांना घाबरवायला आलाय. दोन्ही खरं नाही. पोरांनी जावं. जरूर जावं. या व्यवस्थेलाही भोकं आहेत, मी झाकत नाही. तिकडे उतरल्यावर दुसऱ्याच करारावर सही घेतात. पासपोर्ट मालक काढून घेतो, सौदीत ते बेकायदा असूनही. अठरा देशांची यादी जुनी आहे. कंबोडिया, लाओस, म्यानमार तिच्यात नाहीत, आणि संगणकाच्या नोकरीचं आमिष दाखवून फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोरं नेली गेली ती तिकडेच. ती पोरं शिकलेली होती, पदवीधर होती. शिक्का नव्हता त्यांच्या पासपोर्टवर. २०२४च्या १२ जूनला कुवेतमध्ये मंगफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली, ४५ भारतीय गेले, त्यात केरळचे सर्वांत जास्त. शिक्का आग विझवत नाही. पण कोण गेलं, कुठला होता, कोणाला कळवायचं, देह कोणी आणायचा, हे नोंद असली की सरकारला टाळता येत नाही.

आता कागदपत्रांकडे येतो, कारण अर्ज तिथेच अडतात. इथे किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? हात वर करा. (हशा. बरेच हात वर.) बघा! अर्धं सभागृह एका दिवशी जन्मलं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, आई म्हणाली पोळ्याच्या आसपास झाला, गुरुजींनी लिहिलं १ जून. ज्यांनी आपल्याला अक्षर शिकवलं त्यांना मी नावं ठेवत नाही. पण पुढे काय होतं? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत, नंतर कधीतरी काढलेल्या, २७ ऑगस्ट. आधारवर नुसतं साल, म्हणून १ जानेवारी. पासपोर्टवर यातलं एक. पोलीस क्लिअरन्स पासपोर्टप्रमाणे, आयटीआयचं प्रमाणपत्र दाखल्याप्रमाणे. ते प्रमाणपत्र साक्षांकनाला जातं, परराष्ट्र खात्याचा शिक्का होतो, आणि तिकडच्या कचेरीत बसलेला माणूस म्हणतो, ही दोन वेगळी माणसं आहेत. त्याची काय चूक?

नावाचं तसंच. आपलं पाटील पहिलं येतं, मग मुलाचं, मग बापाचं. त्यांच्या अर्जात आडनाव वेगळ्या चौकटीत. काहींच्या पासपोर्टवर आडनावाची चौकटच रिकामी, सगळं नाव एकाच ओळीत. २०२२च्या नोव्हेंबरपासून अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश बंद केला. आणि आपल्या लेकींचे हाल तर विचारूच नका. नर्सिंगचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, पासपोर्ट घाईत काढलेला, त्यात मधलं नाव बापाचं. एका मुलीचं स्वप्न राजपत्रातल्या नावबदलापाशी आठ महिने अडलेलं मी पाहिलंय. हुशार मुलगी हो. तिच्याबरोबरच्या दोघी निघून गेल्या. तिचे वडील रोज पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसायचे, मी तिकडून जाताना नजर चुकवायचे…

(या वेळी कार्यकर्त्यांनी चिठ्ठी दिली.)

दहा मिनिटं म्हणताय? बरं. पासपोर्ट काढायच्या आधी सगळे कागद एका ओळीत मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा, एवढं लक्षात ठेवा. पासपोर्ट तर आता पोस्टातल्या केंद्रांतही होतो, २०१७पासून ती सोय आली. आखातासाठी मेडिकल, ज्याला पोरं अजून ‘गामका’च म्हणतात, ते नेमलेल्या केंद्रातच करा. छातीच्या एक्स-रेत जुना डाग निघाला की अनफिट होतो, म्हणून पैसे भरायच्या आधी आपल्या डॉक्टरकडे एक फोटो काढून घ्या.

संधींबद्दल बोलायचं राहिलंच. जर्मनी : २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना भाषा शिकवून पाठवायचं ठरलं. तिथे भाषेचा अडसर मोठा आहे, भाषेची परीक्षा कोणी दुसरा देऊ शकत नाही. जपान : २०२१च्या जानेवारीत करार झाला, ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’, पाच वर्षांपर्यंत राहता येतं, भाषेची आणि कामाची परीक्षा. इस्रायल : २०२४च्या सप्टेंबरात पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये चाचण्या झाल्या. शटरिंग, सळई वाकवणं, टाइल, प्लास्टर. पगार लाखाच्या वर. तिथे युद्धाचा धोका आहे, तो ज्याचा त्याने तोलावा. पण सरकारने सरकारशी केलेली भरती आणि चहाच्या टपरीवर ठरलेली भरती यांत मी पहिलीच निवडीन. या तिन्ही देशांना अठरांच्या यादीतला शिक्का लागू नाही. तरी माझा आग्रह तोच : तुमची नोंद हवी, तुमचा करार हवा. त्याशिवाय निघू नका.

केरळने १९९६ साली परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खातं काढलं, ‘नोर्का’. तिथला पोरगा निघायच्या आधी एक दिवस बसून सगळं ऐकून जातो. आपल्याकडे दिल्ली-मुंबईची वाट बघायला नको. आपल्या आयटीआयमध्ये, किसान महाविद्यालयात, या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक रविवार ठेवावा. एक टेबल, एक संगणक, इंग्रजी वाचणारे दोन शिक्षक. जाणाऱ्याने करारपत्र आणावं, त्यांनी ते त्याला आणि त्याच्या आईला मराठीत किंवा अहिराणीत वाचून दाखवावं, आणि एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर चालू आहे का ते तिथल्या तिथे बघावं. मी स्वतः येईन. मानधन नको.

आणि घरी जाण्याआधी हा क्रमांक लिहून घ्या. प्रवासी भारतीय सहायता केंद्र, पैसे न लागणारा फोन : १८००-११-३०९०. ज्यांचा पोरगा निघायचाय त्यांनी आज रात्री त्याच्याकडून करारपत्र मागा. ते नसेल तर उद्या सकाळी एजंटाला एक रुपयाही देऊ नका.